सेन्सरकाका

हल्ली पुण्यातल्या सोसायट्यांत विंगेगणिक एक सेन्सरकाका सापडतात. निवृत्त, बहुधा कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंटेशन खात्यातले, खिशाला पेनाऐवजी टेस्टर. आमच्या विंगेतल्या काकांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नाही. गच्चीवरच्या टाकीत पाणी आहे का, हे झाकण उघडून बघणं त्यांच्या लेखी निव्वळ अडाणीपणा. टाकीनं ते आपणहून कळवलं पाहिजे, आणि तेही एमक्यूटीटीवरून.

एमक्यूटीटीचा कुलवृत्तान्त त्यांना तोंडपाठ आहे. तेलाच्या पाइपलाइनींची खबर उपग्रहामार्फत कमी खर्चात मिळावी म्हणून अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ साली ही पद्धत काढली. "तिथे तेल सांभाळलं, इथे आपली ५००० लिटरची टाकी काय!" यात निरोप देणारा नि घेणारा एकमेकांशी थेट बोलत नाहीत, मध्ये ब्रोकर असतो. काकांचा ब्रोकर टीव्हीमागच्या रास्पबेरी पाय नावाच्या इवल्याशा संगणकात राहतो.

"घर घेताना ब्रोकरला दोन टक्के मोजले, आता घरातच आणून बसवलाय," इति काकू.

"हा फुकट आहे," काका.

आता टाकीच्या झाकणाखालचा अल्ट्रासॉनिक सेन्सर. तो पाणी किती आहे ते सांगत नाही. आपल्यापासून किती खाली आहे तेवढं सांगतो. टाकी भरत आली की आकडा लहान. पहिल्या दिवशी होम असिस्टंट या घरातल्या उपकरणांची खबर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर भरलेली टाकी रिकामी दिसली, काकांनी पंप लावला, आणि तिसऱ्या मजल्यावरचे वाळत घातलेले पापड पुन्हा पीठ झाले. मग वजाबाकीचं टेम्प्लेट आलं. ते लिहायचं यामल फाइलीत. तिथे दोन स्पेस चुकल्या की सगळं मुसळ केरात, आणि समासासाठी टॅब तर मुळीच चालत नाही. हे सगळं जमतंय तोवर २०२२ मध्ये होम असिस्टंटनं एमक्यूटीटी सेन्सर लिहायची पद्धतच बदलली. काकांनी तेव्हा आठवडाभर दाढी केली नव्हती.

पण खरा घोळ घातला तो 'रिटेन'नं. ते लावलं की ब्रोकर शेवटचा निरोप जपून ठेवतो आणि नव्यानं जोडणाऱ्याला तोच देतो. एका पावसाळी रात्री सेन्सर भिजून मेला. सकाळी काकांनी होम असिस्टंट अपडेट करून पुन्हा सुरू केलं. काकू तोंडाला साबण लावून बेसिनपाशी उभ्या.

"अहो, पाणी गेलंय."

"आहे. ९२ टक्के."

मान फोनमधून वर आली नाही.

तेव्हापासून प्रत्येक सेन्सर जोडला जातानाच त्याचं मृत्युपत्र करून घेतलं जातं: मी न सांगता गेलो, तर सर्वांना 'ऑफलाइन' असं कळवावं. ही सोय एमक्यूटीटीत आधीपासून आहे. (काकांचं स्वतःचं मृत्युपत्र अजून व्हायचंय.) निरोपाच्या खात्रीच्याही तीन पायऱ्या असतात. काकू जेवायला हाक मारतात ती पायरी एक, पोच मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा. काका कामाला 'हो' म्हणतात ती पायरी शून्य. पोचलं तर पोचलं.

परवाच्या सभेत काकांनी सगळ्या विंगांना सेन्सर बसवायचा ठराव मांडला.

"बंद पडला तर?" सेक्रेटरींनी विचारलं.

"लगेच कळेल."

"आणि मग?"

"मग वॉचमनला वर पाठवायचं, झाकण उघडून बघायला."

ठराव मंजूर झाला. वॉचमननं पगारवाढ मागितली आहे.