हरकतदार

ज्याने आयुष्यात एकदा तरी स्वतःचे घर विकत घेतले किंवा बांधले आहे, आणि त्या खटाटोपात तलाठ्याच्या चावडीपासून नळजोडणीच्या खिडकीपर्यंत प्रत्येक दारातून जो निदान एकदा तरी अपमानित होऊन परतला आहे, असा गृहस्थ सेवानिवृत्तीनंतर इतरांच्या गृहस्वप्नांचा विनामूल्य परीक्षक होतो, हा खानदेशातील एक अबाधित शिरस्ता आहे. जळगावात त्याला बहुधा आप्पा म्हणतात आणि धुळ्यात नाना. पूर्वाश्रमी तो तहसील कचेरीत अव्वल कारकून असेल, एखाद्या विद्यालयात गणिताचा शिक्षक असेल किंवा एस.टी.च्या आगारात हिशेब लिहून निवृत्त झालेला असेल. पण ज्या दिवशी त्याच्या स्वतःच्या खरेदीखतावर शिक्का उमटला, त्या दिवशी त्याचा पुनर्जन्म झाला असे तो मानतो, आणि शेजाऱ्यांनाही तसे मानणे भाग पडते. दलाल आणि आप्पा यांत लोक उगाच गल्लत करतात. दलाल दोन्ही पक्षांकडून मेहनताना घेतो आणि व्यवहार संपेपर्यंत दोघांनाही हर्षित ठेवतो. आप्पा कोणाकडून कवडी घेत नाहीत आणि कोणालाही हर्षित ठेवत नाहीत. त्यामुळे पिंप्राळ्याकडचा एखादा प्लॉट दाखवायला निघालेला दलाल गिऱ्हाइकाला सर्वांत आधी विचारतो तो प्रश्न अंदाजपत्रकाचा नसतो, तर तुमच्या गल्लीत आप्पा कोण, हा असतो.

नुकते लग्न झालेले एखादे जोडपे, नवरा बँकेत लिपिक आणि बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, गणेश कॉलनीच्या आसपास दोन खोल्यांची सदनिका पाहून आले आहे, ही वार्ता आप्पांना कशी कळते हे गूढ आहे, पण त्या संध्याकाळी चहाची वेळ साधून ते दारात उभे असतात, आणि वहाणा काढता काढताच त्यांचा पहिला प्रश्न येतो, "विकणाऱ्याला बहिणी किती?" नवरा गोंधळतो. सदनिका किती चौरस फुटांची, किंमत काय, नळाला पाणी किती दिवसांनी येते, या सर्व प्रश्नांची उत्तरे त्याने पाठ केलेली असतात. विकणाऱ्याच्या बहिणींचा विचार मात्र त्याच्या मनाला शिवलेला नसतो. मग आप्पा पाय पसरून बसतात आणि सावकाश निरूपण करतात, की ज्या जमिनीवर ही इमारत उभी आहे ती जर वडिलोपार्जित असेल, तर 2005 च्या दुरुस्तीने मुलींनाही मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळालेला आहे; भाऊ सही करून मोकळा होतो, बहीण सासरी भुसावळला किंवा थेट सुरतेला असते, तिची ना सही असते ना हक्कसोडपत्र, आणि तुम्ही वास्तुशांतीचे वरण-बट्टी खाऊन आडवे होता न होता तोच तिच्या वकिलाची नोटीस येते. शिक्षिका या ठिकाणी चहात साखर घालायला विसरते, हा सर्वत्र आढळणारा परिणाम आहे.

सातबाऱ्याचा उतारा हाती आला की आप्पा तो कधीही वरून वाचत नाहीत. मालकाचे नाव सगळेच वाचतात, असे ते तुच्छतेने म्हणतात, आणि थेट 'इतर हक्क' या रकान्याकडे वळतात, जिथे सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतील हिस्सा, वहिवाटीचा रस्ता आणि क्वचित कोर्टाचा मनाई हुकूम अशी मंडळी वर्षानुवर्षे मुकाट्याने नांदत असतात. भोगवटादार वर्ग 2 असे शब्द दिसले की त्यांचा आवाज खाली येतो; शासनाची परवानगी आणि नजराणा यांवाचून ती जमीन हलत नाही, हे सांगताना ते दाराकडे अशा नजरेने पाहतात की जणू जिल्हाधिकारी बाहेर उभे आहेत. "आणि सातबारा म्हणजे मालकी नव्हे, बरं का," असे ते बजावतात. हे त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे: सातबारा हे महसुलाचे दप्तर आहे, शासनाने सारा कोणाकडून घ्यावा यासाठी ठेवलेले, त्यातील नोंद उलट सिद्ध होईतो खरी धरतात इतकेच, पण मालकी देते ते नोंदलेले खत. म्हणून तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा, जुने दस्त सूची क्रमांक 2 शी ताडून पाहावेत, फेरफाराच्या नोटिशीला पंधरा दिवसांत कोणी हरकत घेतली होती का ते विचारावे, बिनशेतीचा हुकूम आणि मंजूर नकाशा या दोन्हींच्या नकला डोळ्यांखालून घालाव्यात. गावठाणातले जुने घर असेल तर सातबारा मागण्यातच अर्थ नाही, तिथे नगर भूमापनाची मिळकत पत्रिका मागावी, हेही ते सांगतात. पण तोपर्यंत ऐकणाऱ्याचे लक्ष घड्याळाकडे गेलेले असते.

वास्तुशास्त्राचा त्यांना तिटकारा आहे. स्वयंपाकघर आग्नेयेस आणि देवघर ईशान्येस असावे असे कोणी म्हणाले की ते म्हणतात, वास्तुपुरुष दुय्यम निबंधकाच्या कचेरीत पालथा पडलेला असतो, त्याचे डोके दस्तात आणि पाय पावतीत. दिशांपैकी त्यांना एकच मान्य आहे, ती पश्चिम, आणि तीही उन्हामुळे. जळगावचा पारा मे महिन्यात 45 अंशांपलीकडे गेला म्हणजे पश्चिमेची उघडी भिंत दुपारी जे पिते ते मध्यरात्रीपर्यंत ओकत राहते. आमच्या आज्यांची धाब्याची घरे यापेक्षा शहाणी होती, असा एक उसासा टाकून ते पुन्हा कागदांकडे वळतात. काळ्या मातीचे प्रकरण मात्र ते टाळत नाहीत. तापी-गिरणेच्या या खोऱ्यातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर वरच्यावर पाया घातलेल्या घराच्या भिंती तिसऱ्या वर्षी हसू लागतात. म्हणून पाया मुरुमापर्यंत गेला आहे का, हे बांधणाऱ्याला न विचारता शेजारच्या घराच्या भिंतींना विचारावे, असा त्यांचा दंडक आहे. माझ्या मते आप्पांच्या साऱ्या शास्त्रात हा नियम सर्वांत मोलाचा, आणि तो ते सर्वांत घाईने सांगतात, कारण त्यात कागद नाही.

हिशेबाच्या बाबतीत जळगावचे आप्पा आणि धुळ्याचे नाना यांच्यात मूलभूत भेद आहे. सुवर्णनगरीत जन्म गेल्यामुळे आप्पा कोणतीही रक्कम रुपयांत ऐकूनच घेत नाहीत. सदनिकेची किंमत सांगितली की ते डोळे मिटतात, तिचे तोळे करतात, आणि मग आपल्या लग्नाच्या साली तेवढ्या तोळ्यांत महाबळमध्ये किती प्लॉट आले असते ते सांगतात. हे ऐकून ज्याने आपल्या पत्नीचे दागिने गहाण ठेवून पहिल्या हप्त्याची तजवीज केलेली असते, त्याची मुद्रा पाहवत नाही. तथापि तोळ्यांच्या या धुक्यातूनही कधी कधी लख्ख व्यवहार दिसतो. बँक 30 लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के देते आणि त्यापुढे 75 लाखांपर्यंत 80. दहा लाखांवरच्या घराला मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाही. तेव्हा उरलेला हिस्सा, मुद्रांक, किमतीच्या एक टक्का पण 30 हजारांहून अधिक नाही अशी नोंदणी फी, वकील, पंखे आणि पडदे हे सारे आपल्याच खिशातून जाणार, हे त्यांनी आधी सांगितले म्हणून कित्येक घरे वाचली आहेत. 2021 पासून केवळ स्त्रीच्या नावे घर घेतले तर मुद्रांकात एक टक्क्याची सवलत मिळते, ही माहिती मात्र ते नवऱ्याला एकांतात देतात. नवऱ्याचे नाव जोडीला घातले की ती सवलत जाते, हे ऐकून तो गृहस्थ प्रथम उत्साहित आणि मग विचारमग्न होतो. भिंतीआडून शिक्षिकेने मात्र ते सर्व ऐकलेले असते आणि त्या घरात दस्ताचा प्रश्न त्या क्षणीच निकालात निघालेला असतो.

नानांचा पिंड निराळा. ते इतिहासपुरुष आहेत. 1819 साली कॅप्टन ब्रिग्ज याने धुळ्यास जिल्ह्याचे ठाणे केले, नवी पेठ आखली, वस्ती करू इच्छिणाऱ्यांना घरांसाठी जागा कायमच्या साऱ्यावाचून दिल्या आणि वर पक्की घरे बांधण्यास तगाईही दिली, हा वृत्तांत ते अशा तपशिलाने सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावे, नानांचा अर्ज त्या वेळी थोडक्यात राहून गेला. ब्रिग्जनंतर फुकट प्लॉट आणि बिनतक्रार कर्ज देणारा सरकारी माणूस या शहरात झाला नाही, हे त्यांचे दुःख आहे. धुळ्याच्या सरळ, क्रमांकित गल्ल्यांचा त्यांना इतका अभिमान, की देवपुरातील किंवा साक्री रोडवरील नव्या वसाहतीचा नकाशा पाहताना एखादा रस्ता किंचित वाकडा दिसला तरी ते कागद बाजूला सारतात. कोणी म्हणाले, "नाना, इथून मनमाड-इंदूर रेल्वे जाणार आहे," तर ते कानांवर हात ठेवतात. त्या रेल्वेच्या आशेवर या पंचक्रोशीतील जमिनी किती वेळा विकल्या गेल्या याची गणती नाही. 2024 च्या सप्टेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने त्या 309 किलोमीटरच्या मार्गास मंजुरी दिली तेव्हा सारे धुळे आनंदले, आणि एकटे नाना खिन्न झाले, कारण त्यांचा उत्तम दृष्टान्त हातचा जाऊ पाहत होता. आता ते म्हणतात, गाडी येवो, पण प्लॉटाचा भाव गाडीच्या आधी येऊन बसला आहे. आणि ज्याने इसार देऊन टाकल्यावर त्यांना गाठले, त्याच्यासाठी त्यांच्याकडे अहिराणीतले एकच वाक्य राखून ठेवलेले असते: "भाऊ, माले इचारं व्हतं का?"

दोन्ही शहरांना एकाच कथेत बांधणारे एक प्रकरण आहे, आणि ते निघाले की आप्पा आणि नाना यांचे मतभेद मिटतात. जळगावात गरिबांसाठी नगरपालिकेने घरकुले बांधण्याचा घाट घातला. त्यातील थोडी उठली, बाकी योजना खटल्यात गेली, आणि 2019 च्या 31 ऑगस्टला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी ठरवले. पुढे अपिले झाली. म्हणजे घरे जळगावची आणि निकाल धुळ्याचा, असे नाना काहीशा अभिमानाने म्हणतात. आप्पा त्यावर काही बोलत नाहीत, फक्त महानगरपालिकेच्या सतरा मजली इमारतीकडे बोट दाखवतात आणि सांगतात, उंचीला भुलू नये. या एका प्रकरणामुळे त्यांच्या संशयाला जो राजाश्रय मिळाला तो आता जन्मभर पुरेल. म्हणून बांधकाम व्यावसायिकाने गुळगुळीत पुस्तिका पुढे केली की ते तिच्यातील पोहण्याचा तलाव न पाहता महारेराचा नोंदणी क्रमांक शोधतात. 2017 च्या 1 मेपासून 500 चौरस मीटरांहून मोठ्या जमिनीवर आठांहून अधिक सदनिका बांधणाऱ्याला तो क्रमांक घेणे भाग आहे, आणि करार नोंदल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास त्याला मनाई आहे. हे वाक्य आप्पा विक्रीच्या कचेरीत इतक्या मोठ्याने उच्चारतात की पलीकडच्या टेबलावर धनादेश लिहीत असलेला अनोळखी इसम टोपण लावून पेन खिशात ठेवतो.

या माणसाचे करावे काय, हा प्रश्न प्रत्येक नव्या घरमालकाला पडतो. दीड तासाच्या त्याच्या प्रवचनात उपयोगाची वाक्ये फार तर पाच असतात, आणि ती कधी येतील याचा नेम नसल्यामुळे उरलेली सर्व ऐकावी लागतात. शिवाय 'घ्या' हा शब्द आजवर त्याच्या तोंडून कोणी ऐकलेला नाही. तरीही लोक त्याच्याकडे जातात. माझा तर्क असा, की आयुष्याची पुंजी एका कागदावर ठेवताना पोटात जो गोळा उठतो त्याला आप्पा नावे देतात, कलमे देतात, रकाने देतात. निराकार भीतीपेक्षा 'इतर हक्क' या रकान्यातली भीती पुष्कळ सुसह्य असते. शिवाय इतक्या आक्षेपांनंतरही जी सदनिका उभी राहते ती चांगलीच असली पाहिजे, असाही एक अंधविश्वास त्यामागे आहे, आणि तो सर्वस्वी निराधार नाही.

नोंदणीच्या दिवशी आप्पांना टाळायचे, असा त्या जोडप्याने घरात ठराव केलेला असतो. पण ओळख पटवायला दोन इसम लागतात, एक मेहुणा मिळतो, दुसरा ऐनवेळी चोपड्याला लग्नाला जातो, आणि मग आधारकार्ड खिशात घालून आधीच तयार बसलेले आप्पा निघतात. मुहूर्त साडेअकराचा. कचेरीत छायाचित्रे होतात, अंगठे होतात, विकणारा पेढ्यांचा पुडा सोडू लागतो, आणि सहीसाठी पुढे केलेला दस्त आप्पा पहिल्या पानापासून वाचायला घेतात. चतुःसीमेशी येऊन ते थांबतात. "पूर्वेस नऊ मीटरचा रस्ता लिहिलाय. रस्ता पश्चिमेला आहे." वकील हसून म्हणतात, टंकलेखकाची चूक, पुढे चूकदुरुस्तीपत्र करून घेऊ. आप्पा पेनाला टोपण लावतात. चूकदुरुस्तीपत्रालाही हेच विकणारे पुन्हा यावे लागतात, ते आले नाहीत तर काय, हे ते इतक्या शांतपणे विचारतात की विकणाऱ्याचा हात पेढ्यावरच राहतो. शेवटी वकिलांचा मुलगा स्कूटरवरून पान बदलून आणायला जातो, मुहूर्त टळतो, सर्वांना भूक लागते, शिक्षिकेच्या सासूबाई आप्पांकडे पाठ करून बसतात, आणि एवढ्या अवधीत आप्पा शेजारच्या बाकावरील एका अपरिचित शेतकऱ्याचे साठेखत त्याच्या हातातून अलगद काढून घेऊन, चष्मा पुसून, शेवटच्या पानापासून वाचू लागलेले असतात.