शेवटचा हात

शहापूर-मुरबाडकडे घर नवं केलं, तरी खरी हौस फिटते ती शेवटचा हात फिरवताना. कारवीचा कूड पाडून विटा आल्या, कौलं उतरून स्लॅब पडला, सारवण जाऊन टाइल्स आल्या. आता भिंत ओकीबोकी दिसते, म्हणून शहरातून वारली चित्राचं स्टिकर. शेजारच्या पाड्यावर हेच चित्र लग्नाचा चौक म्हणून तांदळाच्या पिठाने लिहितात, पण त्यावर किंमत छापलेली नसते! शेवटी बाथरूममध्ये पावसासारखा बरसणारा शॉवर. पण शहापूर तालुक्याचं पाणी १८९२पासून तानसा धरणातून, पुढे मोडकसागर, भातसातूनही मुंबईला. उन्हाळ्यात पाड्यांवर मात्र टँकर. म्हणून शॉवरखाली कायम निळं पिंप. सल्ला एकच: टाइल्स घ्यायला जाताना पिंपाचा रंग नीट लक्षात ठेवा, रंगसंगती बिघडायला नको.