डब्यातला मुकादम

चुलत बहिणीचं लग्न मे महिन्यात सांगलीला होतं. मी तीन दिवसांची रजा टाकली. आमच्याकडे रजेचा अर्ज कागदावर देत नाहीत. कंपनीतल्याच दोन पोरांनी त्यासाठी एक छोटं ॲप केलंय. त्यात कारण निवडायचं (आजारपण, लग्नकार्य, इतर) आणि बटण दाबायचं. मी लग्नकार्य निवडून बटण दाबलं. 'प्रलंबित' अशी पिवळी पट्टी आली. चार दिवस झाले तरी पिवळीची हिरवी होईना, तेव्हा बॅगेत झब्ब्याच्या घडीवर लॅपटॉप ठेवला.

आमची कंपनी शाळेचे गणवेश ऑनलाइन विकते. वर्षातले दहा महिने तिकडे चिटपाखरू फिरकत नाही, आणि मे-जूनमध्ये अख्ख्या महाराष्ट्रातल्या आयांना एकाच रात्री आठवतं की पोराची हाफपँट आखूड झालीय. एवढी गर्दी एका सर्व्हरला झेपत नाही, म्हणून तीन ठेवलेत. तीन ठेवले की कोणी कोणाकडे जायचं हा प्रश्न येतो, म्हणून त्यांच्यापुढे एक मुकादम बसवलाय. आमच्या धंद्यात त्याला लोड बॅलन्सर म्हणतात. आलेली पहिली विनंती पहिल्याकडे, दुसरी दुसऱ्याकडे, तिसरी तिसऱ्याकडे, चौथी पुन्हा पहिल्याकडे. स्वतः तो कधी एक हाफपँट विकत नाही. ऊसतोडीचा मुकादम निदान उचल तरी देतो.

आमचा मुकादम म्हणजे एचएप्रॉक्सी. विली तारो नावाच्या फ्रेंच माणसाने २००१ साली तो पहिल्यांदा लोकांपुढे ठेवला, आणि जगातल्या भल्या भल्या गर्दीच्या साइटी त्याच्यावर चालतात. आमच्याकडे तो कोपऱ्यातल्या एका जुन्या मशीनवर चार वर्षं बसून होता. एकदाही बंद पडला नाही. त्या मशीनचा पासवर्ड कोणाला आठवत नव्हता, आणि आठवायची वेळही आली नव्हती.

मग बैठकीत कोणीतरी म्हणालं, "बाकी सगळं कंटेनरमध्ये आहे, मग हाच का उघड्यावर?" अशा प्रश्नाला उत्तर नसतं. उत्तर नाही म्हणून ते काम मला मिळालं.

कंटेनर म्हणजे डबा. बंदरावर दिसतो त्या लोखंडी डब्यावरूनच हे नाव आलंय. १९५६ च्या एप्रिलमध्ये माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकवाल्याने ५८ डबे 'आयडियल एक्स' नावाच्या बोटीवर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला नेले, तेव्हापासून आत काय आहे याची बोटीला फिकीर करावी लागत नाही. २०१३ च्या मार्चमध्ये सॉलोमन हाइक्सने सांता क्लाराच्या परिषदेत पाचेक मिनिटांत डॉकर दाखवला आणि सॉफ्टवेअरचेही डबे भरायला लागले. (मुंबईच्या डबेवाल्यांची उपमा मी इथे मुद्दाम टाळतोय. त्यांचा डबा बरोबर माणसाकडे पोचतो.)

खरं सांगायचं तर हा डबा लोखंडी नाहीच. तो अंतरपाट आहे. सगळे एकाच मांडवात, एकाच लिनक्सवर. मध्ये फक्त एक कापड धरलेलं असतं आणि पलीकडचं दिसत नाही. काय दिसावं हे नेमस्पेस ठरवतात, पानात किती वाढावं हे सीग्रुप ठरवतात. आतल्या प्रोग्रॅमला वाटतं, जगात आपण एकटेच. प्रक्रियांच्या यादीत स्वतःचा नंबर बघावा तर १. आमच्या घराण्यात असे तीन-चार जण आहेत, त्यांना डबासुद्धा लागत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी कामाला लागलो. पहाटे साडेपाचची स्वारगेटहून गाडी होती, काम तासाभराचं.

मुकादम सुरूच होईना. तक्रार वाचली तर अशी, की सेटिंगच्या फाइलमध्ये शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबलेलं नाही, म्हणजे ही फाइल मध्येच तुटलेली असू शकते, सबब मी उठणार नाही. आमच्या मराठीच्या बाई शेवटचा पूर्णविराम नसला की अर्धा गुण कापायच्या. पण बाकीचा पेपर तरी तपासायच्या! एंटर शोधण्यात चाळीस मिनिटं गेली.

मग उठला, पण येणाऱ्या प्रत्येकाला ५०३ दाखवायला लागला. ५०३ म्हणजे 'तुमच्या कामासाठी एकही सर्व्हर हजर नाही'. तिन्ही सर्व्हर तर समोर ठणठणीत. जुन्या फाइलमध्ये त्यांचा पत्ता १२७.०.०.१ असा होता, म्हणजे लोकलहोस्ट, म्हणजे 'आपल्या घरी'. जुन्या मशीनवर चौघं एकाच घरात राहत होते, तेव्हा ते बरोबर होतं. आता मुकादमाला स्वतंत्र डबा मिळाला होता, आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीला कोणी "घरी जाऊन ये" म्हणावं तसं झालं. घर कोणतं? त्याने शब्दशः ऐकलं, स्वतःच्या डब्यात तिघांना हुडकलं आणि कोणी नाही म्हणून कळवलं.

रात्रीचे दीड वाजले होते. तिघांच्या डब्यांचे आकडी पत्ते शोधून काढले, १७२.१८.०.३, मग ४, मग ५, आणि जसेच्या तसे फाइलमध्ये लिहिले. चाललं. अशा वेळी का चाललं, हे विचारायचं नसतं.

लग्न बारा पंचविसाचं. कार्यालयात कोठीची खोली थोरल्या काकांच्या ताब्यात होती. थोरले काका आमच्या घरातल्या प्रत्येक कार्यात कोठी सांभाळतात. जानव्याला किल्ली बांधतात, आत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतात आणि शेवटच्या पंगतीपर्यंत बाहेर येत नाहीत. नारळ, सुपाऱ्या, ब्लाउजपीस, लाडू-चिवड्याची पाकिटं सगळं त्यांच्या मागे, आणि दारात प्रश्न विचारणाऱ्यांची रांग. "तू आचाऱ्याकडे जा. तू भटजींना विचार. तुझं काम वहिनीकडे." हे सगळं खुर्चीतून. गेल्या पाच लग्नांत त्यांनी एकाही वधूचा चेहरा मुहूर्तावर पाहिलेला नाही.

तिसऱ्या मंगलाष्टकाला माझा फोन थरथरला. हातात अक्षता, त्यामुळे पाचव्यापर्यंत थरथरू दिला. मग सगळ्या अक्षता एकदम टाकून (त्या पुढच्या मावशींच्या अंबाड्यात गेल्या) बाहेर आलो. सपोर्टची मुलगी होती.

"सर, एक आई विचारतायत, त्यांना कमरेच्या मापाऐवजी रजेचं कारण का विचारतंय?"

"काय?"

"आणि एका बाबांनी भरलंय पण. मुलाच्या शाळेचाच फॉर्म असेल वाटलं त्यांना."

कार्यालयात शांत जागा एकच. कोठीत तांदळाच्या पोत्यावर बसलो आणि लॅपटॉप उघडला. काकांनी नुसतं पाहिलं आणि पाय जरा आत घेतले.

पानं रिफ्रेश केली की एकदा गणवेश दिसत होता, एकदा गणवेश, एकदा रजा. कधी पान गणवेशाचं आणि चित्रं गायब, कारण चित्र मागायची पाळी रजेच्या ॲपवर गेलेली. गणित चोख होतं. तीनातली एक विनंती रजेकडे. मुकादम काम चुकत नव्हता, अत्यंत नि:पक्षपातीपणे करत होता.

झालं होतं ते असं. सकाळी एका सहकाऱ्याने नव्या किमती चढवल्या आणि त्यासाठी सगळे डबे नव्याने उठवले. नव्याने उठवलेल्या डब्यांना पत्ते आले त्या क्रमाने मिळतात, पंगतीत पाटावर बसावं तसे. ४ नंबरच्या पाटावर रजेचं ॲप जाऊन बसलं, आणि आमचा तिसरा सर्व्हर ६ वर पंख्याखाली रिकामा. मुकादमाच्या कागदावर मात्र ३, ४, ५. रजेच्या ॲपला लॉगिन का नव्हतं, हे कोणी विचारू नये. 'आतलंच तर आहे, त्याला कडी कशाला,' असं ठरलं होतं. कोणी ठरवलं होतं, हेही विचारू नये.

"काय झालंय?" काकांनी विचारलं. दारातल्या पोराच्या हातावर दोन नारळ ठेवत.

मी सांगितलं. काकांना गोष्ट समजावून सांगायला वेळ लागेल असं मला वाटलं होतं. लागला नाही.

"नंबर कशाला लिहिलेस?" ते म्हणाले. "खोली नंबर चार, असं मी सांगतो का कोणाला? सकाळी चार नंबरचा नळ गेला आणि मॅनेजरने सगळ्यांच्या खोल्या फिरवल्या. मी म्हणतो भटजींकडे जा. भटजी कुठे आहेत ते जिन्याखालच्या पोराला ठाऊक. त्याचं कामच ते."

जिन्याखालचा पोरगा डॉकरमध्येही असतो. त्याचा पत्ता १२७.०.०.११, आणि कोणत्या नावाचा डबा आता कुठे बसलाय हे तो कधीही सांगतो. फक्त मुकादमाला बजावून ठेवावं लागतं की अधूनमधून त्याला विचारत जा, नाहीतर हा सुरू होताना एकदा विचारतो आणि तेच जन्मभर धरून बसतो.

"पण तुमच्या त्याला कळलं कसं नाही, की समोर भलताच बसलाय? चौकशी करत नाही का?"

"करतो की. दर दोन सेकंदांनी. तीनदा उत्तर नाही आलं तर काढून टाकतो, दोनदा आलं की परत घेतो."

"काय विचारतो?"

मी जरा थांबलो. "दार वाजवतो. उघडलं की झालं." फाइलमध्ये नुसतं 'चेक' लिहिलं, की तो दार उघडतंय का एवढंच बघतो. आणि आमचे सगळेच डबे ८०८० नंबरच्या दारामागे राहतात. रजेच्या ॲपने दार उघडलं होतं, अगदी तत्परतेने.

काकांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं मला शाळा सुटल्यापासून कोणी पाहिलेलं नाही. तेवढ्यात एक वाढपी आला. "जिलेबी आहे का रे तिकडे?" काकांनी विचारलं. "आहे," तो म्हणाला. "परातीत किती ते बघून ये, मग सांग," काका म्हणाले, आणि तो गेला. मी 'चेक'च्या शेजारी आणखी एक ओळ घातली. आता मुकादम दार उघडल्यावर हाफपँटीचा भावही विचारणार होता.

फाइल सुधारली. नंबरांच्या जागी नावं आली, पोराचा पत्ता आला, शेवटी एंटरही आलं. मग मुकादमाला फाइल पुन्हा वाचायला सांगायचं होतं. डबा बंद न करता, चालू गिऱ्हाइकं न तोडता, नम्रपणे खुणावायची एक आज्ञा आहे. त्या नम्र आज्ञेचं नाव 'डॉकर किल'. ऑफिसातला सहकारी फोनवर होता, त्याला मी मोठ्यांदा म्हणालो, "किल कर, उठेल आपोआप." दारात ओटीचं तबक घेऊन उभ्या असलेल्या आत्याने ते ऐकलं आणि शुभकार्यात काय बोलावं याबद्दल मला चार शब्द सुनावले.

उठला तो जुनीच फाइल वाचून. पुन्हा किल, पुन्हा रजा. बाहेर बघितलं तर फाइल नवी, आत डोकावलं तर जुनी, आणि दोन्हीचं नाव एकच! पाव तास मी त्या पोत्यावर बसून स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत होतो. मग आठवलं. मी वापरतो तो एडिटर जुनी फाइल दुरुस्त करत नाही. नवी लिहून काढतो आणि जुनीचं नाव तिला देतो. डब्याला मात्र मी ती जुनी फाइल हाताला धरून सोपवली होती. लिनक्सच्या लेखी फाइलची ओळखही नाव नसून नंबर असतो. नाव नवीकडे आलं, नंबर जुनीकडे राहिला, आणि मुकादमाने नंबर धरला. त्याला दोष देण्याच्या स्थितीत मी नव्हतो.

शेवटी डबाच बंद करून उघडायला सांगितलं. बंद करताना डॉकर दहा सेकंद देतो. हातातलं काम आटप म्हणतो, आणि दहा झाले की विचारत नाही. तेवढ्यात काहींच्या हाफपँटी हातच्या गेल्या असतील. पण उठल्यावर सगळीकडे गणवेशच गणवेश.

"झालं," मी म्हणालो.

"जेवून घे," काका म्हणाले. "तिसरी पंगत, डावीकडून. वैनींना माझं नाव सांग."

सोमवारी ऑफिसात गेलो. रजेच्या ॲपमध्ये शनिवारचे २३ अर्ज जमले होते. पाठवले कोणी हे बघायला नोंदी उघडल्या तर तेवीसही अर्ज एकाच पत्त्यावरून, मुकादमाच्या. विनंती पुढे पाठवताना ती मुळात कोणाची, हेही लिहून पाठव, असं त्याला सांगावं लागतं. काका आहेराच्या वहीत 'श्री. अमुक, हस्ते तमुक' असं लिहितात, तसंच. ती ओळ मी फाइलमध्ये घातलीच नव्हती. त्यामुळे तेवीसही अर्जांवर 'श्री. अमुक' नव्हतंच, नुसतं 'हस्ते' होतं.

एका अर्जात कारण 'इतर' होतं आणि पुढे लिहिलं होतं, 'कंबर २४, पण गेल्या वर्षीची सैल होत होती'. एकाने 'लग्नकार्य' निवडलं होतं, मुलगा दुसरीत. रजा मंजूर करणाऱ्या बाईंनी सोमवारी सकाळी आल्या आल्या वरून काम सुरू केलं होतं आणि मी सांगायला पोचेपर्यंत त्यांचे दोन अर्ज आटोपले होते. दोन्हींवर हिरवी पट्टी.

माझा अजून पिवळाच आहे.