अंतऱ्याची थकबाकी

माणसानं संगीताचे नाना प्रकार ऐकावेत, कान बहुश्रुत करावेत, असं जाणकार सांगतात. टिटवाळ्यात राहणाऱ्याला त्यासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत. सगळे प्रकार आपणहून डब्यात, रस्त्यावर आणि थेट बेडरूममध्ये येतात. त्याबद्दल मी ऋणीच आहे. तक्रार एवढीच, की एकही पुरता ऐकायला मिळत नाही. मुखडे पोटभर, अंतऱ्याची बोंब.

सकाळच्या फास्ट लोकलमधलं भजन घ्या. टिटवाळ्याला विठोबाची तसबीर लागते, हार चढतो, पिशवीतून टाळ निघतात. मंडळ शिस्तीचं. आधी रूपाचा अभंग, मग गौळण, शेवटी भैरवी. भैरवी शास्त्रानं सकाळची आणि रिवाजानं शेवटची. मैफलीत हे दोन्ही क्वचित जमतं, लोकलमध्ये रोज. पण जमतं ते कुर्ल्याच्या आसपास, आणि माझं ऑफिस ठाण्याला. माझ्या वाट्याला गौळण. गवळणी यशोदेकडे कृष्णाचं गाऱ्हाणं मांडायला लागतात आणि डोंबिवलीकर आत घुसतात. त्यांची गाऱ्हाणी वेगळी असतात. पुढे काय झालं ते यशोदेलाच ठाऊक.

भजन नसलेल्या डब्यात शेजाऱ्याचा मोबाईल असतो. हेडफोन तो लावत नाही. एकट्यानं ऐकणं त्याला अप्पलपोटेपणाचं वाटत असावं. भोजपुरी, पंजाबी, कोरियन, मध्येच कुणाचं तरी रडणं. अंगठा सरकला की देश बदलतो. कोरियन गाण्याचं पुढे काय होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

अंगारकीला गणपतीच्या रस्त्यावर निराळीच जुगलबंदी. एका दुकानात प्रल्हाद शिंदे गणपती गातात, समोरच्या दुकानात प्रल्हाद शिंदेच विठ्ठल. या माणसानं भक्तिगीत, भीमगीत, कव्वाली सगळं एकाच खड्या आवाजात पेललं. अशा गळ्याला टक्कर द्यायला दुसरा गळा कुठून आणणार? म्हणून त्याचाच लावला असावा. मधे रांगेत उभं राहून दोन्हींतला एक शब्द लागेल तर शपथ.

नीट ऐकायचं म्हणून कल्याणला गायन समाजात जावं. तिथे ख्याल सावकाश फुलतो. विलंबित संपून द्रुत सुरू झाला, की आम्ही कसारा लाइनवाले घड्याळ बघतो. ही गाडी गेली की पुढची कधी, हा प्रश्न कुठल्याही तानेपेक्षा मोठा. तराणा आम्ही जिन्यावरून ऐकतो.

परवा शेजारी हळद होती. आगरी लग्नात धवले गाऊन विधी चालवणारी धवलारीण आली होती. धवळ्यांची परंपरा मराठीत महदंबेपर्यंत, म्हणजे तेराव्या शतकापर्यंत जाते. म्हातारीनं डोक्यावरचा पदर सारखा केला, डोळे मिटले, सूर लावला. मी खिडकी उघडली. म्हटलं, आज काहीतरी पुरतं ऐकू. दुसऱ्या कडव्याला डीजेवाल्यानं 'चेक, चेक' केलं.

मग डीजे. सुरुवातीला राग आला, पण नऊनंतर एका कोळीगीतात बेंजो असा काही वाजला, की माझा पाय आपोआप हलायला लागला. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहापासून निवासी भागाला 45 डेसिबलची मर्यादा आहे. कायदा मला मान्य आहे. बरोबर दहाला, बेंजोवाला अंतऱ्याकडे वळत असताना, सगळं बंद पडलं. साडेदहाला पुन्हा सुरू झालं. गाणं दुसरंच होतं.