विश्रामशास्त्री

आमच्या शाखेत त्यांना सगळे विश्रामशास्त्री म्हणतात. ही पदवी चेष्टेने मिळाली आहे अशी शंकाही त्यांना आलेली नाही, त्यामुळे हाक मारली की प्रसन्नपणे ओ देतात.

त्यांच्या टेबलावर फायलींआधी नजरेत भरतो तो लालभडक टोमॅटो. प्लॅस्टिकचा, पोटात चावीचं घड्याळ असलेला. इटलीतल्या फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासाला बसताना स्वयंपाकघरातलं असंच घड्याळ लावलं आणि त्यातून पद्धत निघाली: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विसावा, अशा चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी. शास्त्री ती कसोशीने पाळतात. टोमॅटो किणकिणला की पासबुकावर शिक्का मारायला उचललेला हात हवेतच थांबतो. काउंटरपलीकडचा गिऱ्हाईकही थांबतो. त्याला अर्थातच वेगळा विसावा मिळत नाही.

शिवाय डोळे आहेत. पडद्यावर काम करणाऱ्याने दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावं, हा डॉक्टरांचा सल्ला. शास्त्रींनी टेप लावून वीस फूट मोजले. टेप नेमकी साहेबांच्या केबिनच्या काचेला भिडली. तेव्हापासून ते ठरल्या वेळी साहेबांकडे एकटक पाहतात. साहेबांना आधी वाटलं, रजा हवी असेल. मग वाटलं, वरच्या ऑफिसात तक्रार गेली असेल. हल्ली ते त्या वेळी फोन कानाला लावून बसतात, पलीकडे कुणी असो-नसो.

वीस मिनिटांचे डोळे आणि पंचवीस मिनिटांचा टोमॅटो यांचा मेळ बसत नाही, म्हणून शास्त्रींनी एक्सेलमध्ये तक्ता केलाय. तो भरण्यात बराचसा विसावा खर्च होतो.

शास्त्र खोटं नाही, एवढं त्यांच्या बाजूने म्हणायलाच हवं. श्वास सावकाश सोडला की नाडी मंदावते. दुपारी वीसेक मिनिटं डोळा लागला तर तरतरी येते, आणि त्याहून लांबलेल्या गाढ झोपेतून कुणी उठवलं तर डोकं जड होतं. पण शास्त्री घरी आडव्या झालेल्या सासऱ्यांच्या उशाशी घड्याळ लावून बसतात आणि एकविसाव्या मिनिटाला त्यांना हलवतात. सासरे आता दुपारचे थोरल्या लेकीकडे जातात.

खरी धमाल जेकबसनची. शिकागोचे हे डॉक्टर. एकेक स्नायू आधी आवळायचा, मग सैल सोडायचा, ही त्यांची रीत १९२९ च्या पुस्तकात आली. शास्त्री ती काउंटरवरच करतात. मुठी वळतात, दात आवळतात, नाक फेंदारतात. व्याजाचा दर विचारायला आलेल्या एका आजोबांनी ते पाहिलं आणि मुदतठेवीचा अर्ज गुपचूप खिशात घातला. एकदा तर दप्तरखोलीत गठ्ठ्यांच्या मधोमध ते शवासनात पडले होते. चहा घेऊन आलेल्या शिपाईमामांना आसनाचं नाव ठाऊक नव्हतं, अवस्था तेवढी दिसली. किटलीला पोचा आहे तो तेव्हाचा.

गेल्या महिन्यात सर्व्हर डाऊन झाला. कुणालाच काही करता येईना. शेजारच्या मॅडमनी मटाराची पिशवी काढून सोलायला घेतली, रोखपालांनी चपला काढून पाय स्टुलावर टाकले, साहेब केबिनमध्ये डुलकू लागले. पाच मिनिटांत शाखेवर सुट्टीची कळा आली. एकटे शास्त्री येरझाऱ्या घालत होते.

"अहो, बसा ना जरा," मॅडम म्हणाल्या. "शेंगा सोला चार."

"बसू कसा? चौदाव्या मिनिटाला बंद पडलाय! माझं अजून अकरा मिनिटांचं काम बाकी आहे!"

त्यांनी हेड ऑफिसला फोन लावले. घाम पुसला. टोमॅटो पंचविसाव्या मिनिटाला वाजला तेव्हा त्याच्यावरही खेकसले. चारच्या सुमारास सर्व्हर आला आणि मंडळी ताजीतवानी होऊन कामाला लागली. शास्त्री मात्र अर्ज लिहीत होते: विश्रांतीचं वेळापत्रक कोलमडल्याने अतिशय थकवा आला असून ते नव्याने आखण्यासाठी उद्या अर्धा दिवस रजा मिळावी.

साहेबांनी अर्ज वाचायच्या आधीच सही केली आणि विचारलं, "अर्धा कशाला? पूर्ण घ्या की!"