यादीत नाव आलं का?

वऱ्हाडात हा प्रश्न बाराही महिने ऐकू येतो. कर्जमाफीची यादी, पीएम-किसान सन्मान निधीची यादी, अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी. नाव आलं की जीव भांड्यात पडतो. त्या नावासोबत आपलं आणखी काय चव्हाट्यावर गेलं, हे मात्र कोणी सांगत नाही.

२०१७ च्या कर्जमाफीत अर्जदारांच्या याद्यांचं चावडी वाचन झालं. ज्या मुलखात कर्जापायी माणसं जीव देतात, तिथे कोण कर्जात आहे हे गावासमोर मोठ्याने वाचायचं सरकारला सुचलं. २०२० मध्ये कर्जमुक्तीच्या याद्या ग्रामपंचायतीत लागल्या. पण चावडीवरची गोष्ट निदान पंचक्रोशीत राहायची. पीएम-किसानच्या संकेतस्थळाने ती वेसही काढून टाकली. जिल्हा अकोला, तालुका बार्शीटाकळी, मग गाव निवडायचं. लाभार्थ्यांची नावं जगात कुठूनही दिसतात. २०२२ मध्ये तर याच संकेतस्थळाच्या एका भागातून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक उघडे पडत असल्याचं एका सुरक्षा अभ्यासकाने दाखवून दिलं.

ठगाला यापेक्षा जास्त काय लागतं? "काका, तुमचा हप्ता अडकला, हे अ‍ॅप टाका." पीएम-किसानच्या नावाने अशा बनावट फाइली व्हॉट्सअ‍ॅपवर सर्रास फिरतात. खातं रिकामं झालं की उपदेश शेतकऱ्यालाच: सावध राहा, ओटीपी देऊ नका. सावध राहायला हवं होतं यादी टांगणाऱ्याने!

शिकलेली पोरंही सुटली नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये एमपीएससीच्या संयुक्त पूर्वपरीक्षेच्या ९० हजारांहून जास्त उमेदवारांची प्रवेशपत्रं टेलिग्रामवर आली, परीक्षा आठवड्यावर असताना. अमरावतीच्या अभ्यासिकांत रात्री जागवणाऱ्या पोरांनी त्या आठवड्यात पुस्तक वाचायचं की आपलं प्रवेशपत्र कोणाच्या हाती गेलं याचा घोर लावून घ्यायचा?

आधार कायद्याचं कलम २९ क्रमांक जाहीर करायला मनाई करतं. तरी २०१७ मध्ये २१० सरकारी संकेतस्थळांवर आधारची माहिती झळकत होती, हे सरकारनेच कबूल केलं. शिवाय मूळ कायद्यात कोर्टात तक्रार करण्याचा हक्क फक्त आधार प्राधिकरणाला होता. ज्याचा क्रमांक गेला, त्याला २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत कोर्टाची पायरीच बंद होती.

याद्यांमुळे बोगस लाभार्थी सापडतात, हे मला मान्य आहे. मग ग्रामसभेपुढे नाव ठेवा. खातं, मोबाइल, आधार बाहेर कशाला?

माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवणं २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने बंधनकारक केलं. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी. तोवर वऱ्हाडात कितीतरी याद्या निघतील. अमरावती आणि अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी तारखेची वाट पाहू नये. प्रत्येक यादीखाली ती चढवणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा आजपासून छापावा.