भिकेला लागण्याचे शास्त्र

श्रीमंत होण्याच्या पद्धती पुष्कळ आहेत आणि त्यांतली एकही खात्रीची नाही. भिकेला लागण्याच्या पद्धती मोजक्या आहेत आणि त्या सगळ्या खात्रीच्या आहेत. म्हणून आर्थिक यशाचा अभ्यास मागच्या दाराने सुरू करणे सोयीचे पडते. माणूस धुळीला कसा मिळतो हे आधी क्रमवार मांडायचे, मग त्यातले काहीही करायचे नाही. अमेरिकी गुंतवणूकदार चार्ली मंगर याने १९८६ साली लॉस एंजेलिसच्या एका शाळेत निरोपाचे भाषण करताना विद्यार्थ्यांना यशाची नव्हे, आयुष्याचे वाटोळे करण्याची कृती सांगितली होती. मराठी माणसाला एवढ्या लांब जाण्याचे कारण नाही. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकातच दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांना दिला. लक्षणे ओळखावीत आणि टाकून द्यावीत, एवढाच त्यामागचा हेतू. समास पाठ करणारे तेव्हापासून वाढत गेले. टाकणाऱ्यांची गणना कुणी केलेली नाही.

या शास्त्राच्या अभ्यासाला नांदेड जिल्ह्यातला किनवट तालुका चांगला. पैनगंगेचे पाणी, सागाचे जंगल, सीमेपलीकडे तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत किनवट आदिलाबादमध्येच होते. वस्ती गोंड, कोलाम, आंध, परधान, बंजारा आणि इतर शेतकऱ्यांची; पिके कापूस, सोयाबीन, तूर. पैसा सुगीत येतो आणि खर्च बाराही महिने चालतो. भिकेला लागण्यासाठी लागणारी पूर्वतयारी इथे निसर्गानेच करून ठेवली आहे. साधकाने फक्त पुढील नियम पाळायचे.

पहिला नियम कर्जाचा. कर्ज बँकेचे घेऊ नये. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास केंद्र आणि राज्याच्या व्याज सवलतीमुळे शून्य टक्क्यांनी पडते, म्हणजे त्यातून साधकाची काहीच प्रगती होत नाही. शिवाय बँक सातबारा मागते, आठ-अ मागते, बेबाकी मागते, साहेब मीटिंगला गेलेले असतात. सावकार एकच प्रश्न विचारतो : ‘किती पाहिजेत?’ दर असतो शेकडा पाच. पाच हा आकडा कानाला लहान लागतो, कारण तो महिन्याचा आहे हे बोलण्यात राहून जाते. पन्नास हजारांवर महिन्याला अडीच हजार, वर्षाला तीस हजार. दोन वर्षांत साठ हजार व्याज देऊन झाले की मुद्दल पन्नास हजार जागच्या जागी असते. व्याज न देता मुद्दलात चढवत गेल्यास दोन वर्षांनी आकडा एक लाख एकसष्ट हजारांवर जातो. हा मार्ग अधिक जलद म्हणून अनुभवी साधक तोच निवडतात.

याच नियमाचे पोटकलम खरेदीखत. सावकार गहाणखत करत नाही. दुय्यम निबंधकासमोर साधी विक्री नोंदवतो आणि बाहेर चहाच्या टपरीवर तोंडी सांगतो, ‘पैसे आणून दे, जमीन पलटवून देतो.’ अंगठ्याचा ठसा आत, वचन बाहेर. कागदाला आतले तेवढे कळते. महाराष्ट्र सावकारी अधिनियम, २०१४ नुसार विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि अशी बळकावलेली जमीन जिल्हा निबंधकाकडे अर्ज करून परत मिळू शकते. साधकाने हे वाचू नये. आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीच्या नावे होत नाही, ही जमीन महसूल संहितेतली अडचणही आहे. पण तिच्यावर तोडगा जुनाच : सातबारा एकाच्या नावावर राहतो, नांगर दुसऱ्याचा चालतो आणि कागदाला हात न लावता काम भागते.

दुसरा नियम फेडण्याचा, म्हणजे न फेडण्याचा. नजरचुकीने बँकेचे कर्ज घेतले गेलेच तर ते थकवावे आणि माफीची वाट पाहावी. २००८ ला केंद्राने माफ केले, २०१७ ला राज्याने दीड लाखापर्यंत, २०१९ ला दोन लाखांपर्यंत. अभ्यासक यातून असा निष्कर्ष काढतो की निवडणूक हेही एक पीक आहे. वाट पाहण्याच्या काळात शून्य टक्क्यांची सवलत जाते, खाते एनपीए होते, पुढच्या पेरणीला बँक दारात उभे करत नाही आणि साधक आपसूक पहिल्या नियमाकडे परत येतो. नियमित फेडणाऱ्याला २०१९ च्या योजनेत पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन ठेवले होते; पण गावात त्याच्याकडे भोळा म्हणूनच पाहिले गेले.

तिसरा नियम विक्रीचा. माल ज्या दिवशी सगळ्यांचा येतो त्याच दिवशी विकावा, आणि ज्याचे देणे आहे त्यालाच विकावा. बियाणे, खत, फवारणी ज्या दुकानातून उधार, सोयाबीनही तिथेच. दुकानदार वही उघडतो, उधारीचा भाव त्याने लावलेला असतो, सोयाबीनचा भावही तोच लावतो. मग ओलावा, माती, कडता यांची वजाबाकी होते आणि साधक पिशवीत पुढच्या हंगामाची पावती घेऊन घरी येतो. इथेही एक अडथळा आहे. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. तूर, सोयाबीन, हरभरा बाजार समितीच्या गोदामात ठेवला की किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के वार्षिक व्याजाने मिळते आणि भाव चढेपर्यंत सहा महिने थांबता येते. जिथे बाजार समितीने ही योजना राबवली नसेल तिथे सभापतींना विचारावे लागते, आणि सभापतींना विचारणे हे या शास्त्रात वर्ज्य आहे.

चौथा नियम लग्नाचा. हा नियम पाळायला शिकवावे लागत नाही. मांडव दोन एकरांचा, जेवणावळ तीन गावांची, वरातीला डीजे, चौकात फ्लेक्स. फ्लेक्सवर नवरा-नवरीपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो जास्त, त्यांत एक आमदार, जो येत नाही. मानपानात टॉवेल-टोपीचा आहेर होतो. हा टॉवेल अंग पुसण्याच्या कामाचा नसतो आणि ती टोपी कुणी घालत नाही. लग्नानंतर दोन्ही वस्तू कपाटात जातात आणि पुढच्या लग्नात, घडीही न मोडता, दुसऱ्याच्या हातात पडतात. सगळ्या तालुक्यात फिरून तो आहेर एखाद्या दिवशी मूळ मालकाकडे परत आला तरी तो ओळखत नाही, कारण सगळेच टॉवेल सारखे. वस्तू फिरत राहते, खर्च मात्र प्रत्येक घरी नव्याने होतो. लग्नाचा खर्च मुलीच्या बापाच्या ऐपतीवर ठरत नाही, मागच्या लग्नात भावकीने काय केले यावर ठरतो.

पाचवा नियम घाईचा. पैसे दामदुप्पट करावेत आणि कसे होणार ते विचारू नये. योजना आणणारा ओळखीचा असावा, शक्यतो मेहुणा. जमिनीच्या नावाखाली लोकांचे पैसे गोळा करणाऱ्या पर्ल्स अर्थात पीएसीएल या कंपनीला सेबीने ऑगस्ट २०१४ मध्ये सुमारे ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. गुंतवणूकदार पाच कोटींहून जास्त होते, म्हणजे मेहुण्यांचे जाळे किती दाट असेल. ज्यांना गाव लहान वाटते त्यांच्यासाठी मोबाइलवर फ्युचर्स-ऑप्शन्स आहे. सेबीच्याच २०२४ च्या अभ्यासात तीन वर्षांत त्र्याण्णव टक्के वैयक्तिक व्यवहारकर्ते तोट्यात निघाले. उरलेले सात टक्के यूट्यूबवर क्लास घेतात, असा समज आहे. पैशांच्या ऑनलाइन रमीवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली. त्यामुळे या शाखेचे विद्यार्थी जुन्या मटक्याच्या आकड्यांकडे वळले, तर शास्त्राची परंपरा खंडित झाली असे म्हणता येणार नाही. दोन टक्के व्याज जास्त म्हणून ठेव बँकेतून काढून पतसंस्थेत टाकणे हाही याच नियमाचा भाग. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. मोठी कमान, काचेचे दार आणि उद्घाटनाला पुढारी हाच तिथला विमा.

सहावा नियम हिशेबाचा. हिशेब ठेवू नये आणि घरात सांगू नये. दर पंधरवड्याला घरची बाई बचत गटात बसते. तिथे शंभर रुपयांची बचत नोंदवहीत चढते, कर्ज कुणाला किती, कशासाठी, परत कधी, हे सगळ्यांसमोर वाचून सह्या होतात. त्याच घरातला कर्ता पुरुष लाखाचा व्यवहार सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहितो आणि पाकीट फेकून देतो. गटातल्या बाईला हिशेब विचारला की ती वही दाखवते. त्याला विचारला की तो आवाज चढवतो. कर्ज कळते ते वसुलीवाला दारात आल्यावर.

नियम इथे संपतात आणि शास्त्राची मर्यादा सुरू होते. गरिबी म्हणजे गरिबाच्या सवयी, असे मानणाऱ्यांना हे शास्त्र फार आवडते. एसी सभागृहातल्या आर्थिक साक्षरतेच्या शिबिरात ते हमखास शिकवले जाते. १८७५ साली पुणे आणि नगर भागांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर नेमलेल्या आयोगानेही हाच संशय तपासून पाहिला आणि नोंदवले की लग्न-सणांच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे चढलेला कापूस युद्ध संपताच कोसळला होता, आणि त्यानंतर साराही वाढवला गेला होता. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात ते त्याखाली विकले जात होते. या फरकाला कुठल्याही शेतकऱ्याची सवय कारणीभूत नव्हती. पाऊस, भाव आणि धोरण या तिघांना मूर्खलक्षणे लागू करण्याची सोय अजून झालेली नाही.

तरी जेवढे आपल्या हातात आहे तेवढे उलटे करून वाचता येते. व्याजाचा दर महिन्याचा सांगितला तर तो बाराने गुणावा. मुदत पाळावी, माफी मिळाली तर ती वरकड समजावी. माल जिथे उधारी नाही तिथे विकावा. विकत नसलेली जमीन विकल्याच्या कागदावर अंगठा देऊ नये. मेहुण्याला जेवायला बोलवावे, पैसे देऊ नयेत. लग्न भावकीच्या नव्हे, खिशाच्या मापाने करावे. आणि हिशेबाची वही घरात ज्या हातात आधीपासून आहे, तिथेच राहू द्यावी. एवढे पाळल्याने कुणी श्रीमंत होत नाही. फक्त भाव पडतो त्या वर्षी तो माणूस सावकाराच्या दारात उभा नसतो.